पोच मागणाऱ्या अंबुजाअक्का

चार वर्षांपूर्वी मी एक मूर्खपणा केला. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून दुसऱ्या कुणाला तिखटमीठ लावून सांगायची संधी नको. मी जिवंत आहे, हे रोज सकाळी कळवायचं काम मी माझ्या फोनवर सोपवलं. स्वतः कळवायचा मला कंटाळा आला होता.

तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते, म्हणजे नुकतीच वयात आलेली. माझी नात इरा सिरुसेरीच्या एका कंपनीत लागली आणि माझ्याकडे राहायला आली. तिनं मला मेसेज करायला शिकवलं आणि मला शिंगं फुटली. गळ्यात पट्टा घालून फोन लटकवायचा आणि दर पाच मिनिटांनी तो उचलून गंभीर चेहऱ्यानं बघायचा, जसं काही मी नसले तर चेन्नईचं पाणी बंद होणार होतं. शब्द लिहिणं हे मागासलेल्या लोकांचं काम, असं माझं ठाम मत झालं. नणंदेला नातू झाला तर मी एक अक्षर लिहिलं नाही. केक, फुगा, बाळ आणि सिंह अशी चार चित्रं पाठवून मोकळी झाले. नणंद अजून भेटली की विचारते, "वहिनी, सिंह कशाबद्दल होता?" मला काय माहीत? हाताला लागला, पाठवला.

अशा या आधुनिक बाईची गाठ पहिल्या मजल्यावरच्या अंबुजाअक्कांशी होती.

अंबुजाअक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर खाली उतरले आणि परत जायचं राहून गेलं. मी साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईजवळ तांबरमला आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी अक्कांच्या लेखी मी अजून 'नवी'च. "ती नवी मराठीण तिसऱ्या मजल्यावरची," अशी माझी ओळख त्या करून देतात. त्या 'मला' म्हणत नाहीत, 'मज' म्हणतात. 'का' विचारायचं तर 'कसाला'. सगळे म्हणजे 'अस्के'. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या तेव्हा मला वाटलं, कुणी जुनी पोथी उघडून जिन्यात उभी केली आहे. मात्र खूप राग आला की पोथी मिटते आणि तमिळ सुरू होतं.

उंची जेमतेम पाच फूट, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि जन्मभर टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटरची नोकरी. कानाला हेडफोन लावून तीस-बत्तीस वर्षं त्यांनी या गावाला त्या गावाशी जोडलं. ती नोकरी संपली, पण अक्कांनी हेडफोन काढला नाही असं माझं म्हणणं आहे. नुसता दिसत नाही, एवढंच.

त्यांचा सगळा धर्म एका शब्दात आहे. पोच.

"लाइन जोडली म्हणजे काम झालं असं अस्के म्हणतात," त्या सांगतात. "मी दोन्हीकडचा आवाज ऐकल्याविना कधी कान काढला नाही. इकडून हॅलो, तिकडून हॅलो. मग आपण बाजूला."

हाच नियम त्यांनी मेसेजला लावला. आमच्या इमारतीचा एक ग्रुप आहे. त्यावर पाण्याची लॉरी, बंद पडलेली मोटर, हरवलेलं मांजर असले विषय असतात. अक्का त्यावर लिहायच्या: "उद्या लॉरी सकाळी सातला. बादल्या भरून ठेवाव्या. पोच द्यावी. अंबुजा, पहिला मजला." नाव आणि मजला फोन दाखवतोच, पण त्यांच्या मते जो आपलं नाव सांगत नाही त्याची लाइन तोडावी. आणि पोच म्हणजे प्रत्येकानं द्यायची. त्यांचं सोडून चोवीस बिऱ्हाडं, चोवीस पोचा. कुणी दिली नाही तर दुपारी अक्का दारात.

"दोन निळ्या रेघा आल्या ना, अक्का," पोरं म्हणायची. "म्हणजे वाचलं आम्ही."

"त्या रेघा यंत्रानं ओढल्या. शिपायानं दार वाजवलं एवढंच मज कळलं. घरातून ओ कुणी दिली?"

आमचे सेक्रेटरी नटराजन मोठे साहेब होते. ते प्रत्येक मेसेजला "नोटेड" म्हणून उत्तर द्यायचे. तिसऱ्यांदा नोटेड आलं तेव्हा अक्का त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "सार, वही दाखवा." कसली वही, म्हणून ते गोंधळले. "नोट केलं म्हणालात. कुठे केलं ते बघून जाते." नटराजनांच्या बायकोनं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. तेव्हापासून नटराजन "लॉरी, सात, समजलं" असं पूर्ण लिहू लागले.

पण खरी गंमत कृष्णमूर्तीमामांची. मामा एक्याऐंशीचे, बँकेतून निवृत्त, बोटं थरथरतात. अक्कांच्या लॉरीच्या मेसेजला त्यांनी पोच म्हणून लालभडक बदाम पाठवला. अक्कांनी तो नीट बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला, आणि फोन घेऊन दुसऱ्या मजल्यावर मामींकडे गेल्या. "मामी, तुमच्या यजमानांनी हे मज पाठवलंय. तुमची वस्तू, तुमच्याकडे ठेवून घ्या." मामींनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "पन्नास वर्षांत मला एक नाही आला. कुठली लॉरी होती ती, मला पण सांगा." मामा आठ दिवस गच्चीवर फिरायला आले नाहीत.

मी या सगळ्याला हसायचे. वरून इराला सांगायचे, "बघ बाई, मी नाही हो अशी."

शेवटी सभा भरली. तरुण मंडळींनी ठराव आणला की ग्रुपवर फक्त सूचना टाकायची, उत्तर कुणी द्यायचं नाही, मागायचं तर मुळीच नाही. ठरावाला अनुमोदन कुणी दिलं असेल? मी. हात सर्वांत उंच माझा. गळ्यातला फोनसुद्धा वर उचलला गेला. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि एवढंच बोलल्या, "लॉरी आली हे लॉरीला ठाऊक आहे. ऐकू आलं हे कोणाला ठाऊक आहे?" आणि किल्ल्या वाजवत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ग्रुपवर लिहिणं बंद केलं. एक लांबट वही घेतली, त्यात सूचना हातानं लिहिली, समोर चोवीस रकाने आखले आणि दारोदार सही घ्यायला निघाल्या. एकोणऐंशीची बाई पाच मजले चढते आहे, लिफ्ट नाही, प्रत्येक दारात थांबून दम घेते आहे आणि पेन पुढे करते आहे. लोकांना मान वर करायची लाज वाटू लागली. चौथ्या दिवशी नटराजन स्वतः खाली गेले आणि म्हणाले, "अम्मा, ग्रुपवर या. पोच देतो." अक्का परत आल्या. पहिलाच मेसेज: "ठराव रद्द. पोच द्यावी." आमच्याकडून चोवीस पोचा गेल्या. माझीही गेली, सगळ्यात शेवटी आणि तोंड वाकडं करून.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

ग्रुप वेगळा आणि अक्कांच्या 'लाइनी' वेगळ्या. इमारतीत आणि आसपास जी म्हातारी माणसं दिवसा एकटी असतात, अशी अकरा जणं त्यांनी हेरली होती. रोज सकाळी साडेसहाला त्या प्रत्येकाला वेगळा मेसेज करायच्या. "सुधा. उजाडलं. उठलीस ना? पोच." पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर फोन. फोन नाही उचलला तर अक्का दारात. यात कुणाला वगळत नसत, आणि कुणाचं ऐकतही नसत.

इरा सहाला कंपनीची बस पकडायला जाते. मग ती रात्रीच उगवते. म्हणून मी लाइनीत. पण मला त्याचा भारी अपमान वाटायचा. मी म्हातारी? मी, जी सिंह पाठवते? एकदा मी शुक्रवारी डोक्याला तेल थापून बसले होते, पोच राहिली, आणि अक्का दाराबाहेरून ओरडू लागल्या. तेलाचे ओघळ पुसत दार उघडलं तर समोर अक्का, मागे जिना पुसणारी मल्लिका आणि तिच्याही मागे कृष्णमूर्तीमामा, हातात काठी. तिघं माझ्याकडे बघत होते. मी धडधाकट निघाल्याबद्दल मामांना थोडं वाईट वाटलं असावं.

त्या रात्री मी इराला म्हटलं, "यावर काहीतरी कर." तिनं फोनमध्ये एक ॲप घातलं. अक्कांचा मेसेज आला की फोन आपोआप उत्तर देणार: "उजाडलं अक्का. मी ठीक आहे. सुधा." मजकूर मीच सांगितला. नाव घालायचीसुद्धा खबरदारी घेतली, केवढी ही हुशारी! इरा म्हणाली, "आज्जी, हे बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "तू मला शिकवू नकोस." शिकवलं सगळं तिनंच होतं, हे त्या वेळी आठवलं नाही.

पाच आठवडे सुखात गेले. साडेसहाला टिंग, लगेच दुसरं टिंग, संपला विषय. अक्का भेटल्या तरी काही बोलल्या नाहीत. उलट माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायच्या. मी मनात म्हणायचे, फसली म्हातारी.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, शिकेकाईच्या पाण्यावरून माझा पाय सरकला.

कशी पडले ते सांगत नाही, त्यात शोभा नाही. डावा पाय अंगाखाली गेला आणि काहीतरी कडकन वाजलं. न्हाणीघर घराच्या अगदी मागच्या टोकाला. ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. श्वास घेतला की कळ डोक्यात जायची. इरा नुकतीच गेलेली, म्हणजे रात्रीपर्यंत मी आणि ती बादली. आणि तेवढ्यात जेवणाच्या टेबलावर फोन वाजला. टिंग. अक्का विचारत होत्या, उठलीस ना? मला उठता येत नव्हतं. लगेच दुसरं टिंग. माझ्याच नावानं, माझ्याच शब्दांत, माझाच फोन त्यांना सांगत होता की मी ठीक आहे.

आयुष्यात मला पुष्कळांनी खोटं पाडलं आहे. पण मी जमिनीवर पडलेली असताना टेबलावरून मलाच कुणी खोटं पाडावं, हे पहिल्यांदाच. मी त्या फोनला मनातल्या मनात साताऱ्याच्या शिव्या दिल्या. मग अक्कांची आठवण आली, आणि शिव्या कुणाला द्यायला हव्यात ते नीट कळलं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली. मग दारावर हात बसू लागला आणि अक्कांचा आवाज आला, "सुधा! आवाज दे! फोन नको, तुझा आवाज दे!"

मी होती नव्हती तेवढी शक्ती लावून बादली लाथाडली. धड पायानं. बादली गडगडत गेली. बाहेर लगेच किल्ल्यांचा खुळखुळाट. इरानं त्यांना कधीतरी जास्तीची किल्ली दिली होती, माझ्यापासून लपवून. दार उघडलं, पावलं आली, आणि न्हाणीघराच्या दारात पाच फुटांच्या अक्का उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्यावर आधी टॉवेल टाकला, मग मल्लिकाला हाक मारली, आणि मग म्हणाल्या, "ही बरी पोच दिलीस. बादली फुटली."

घोट्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. इरा माझ्या उशाशी बसून रडत राहिली आणि तिनं माझ्यासमोर ते ॲप काढून टाकलं. पण माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. फोननं तर उत्तर दिलं होतं, मग अक्का आल्या कशा?

ते मला मल्लिकानं सांगितलं, दवाखान्यात बघायला आली तेव्हा. तिला वाटलं होतं मला माहीत आहे.

"पाट्टी रोजच येते ना वर," ती म्हणाली. अक्कांना ती पाट्टी म्हणते, म्हणजे आजी. "फोन वाजला की पहिल्या मजल्यावरून निघते. एवढे जिने चढून येते, तुमच्या दाराशी उभी राहते, कान देते. पाच मिनिटं. मग हसते आणि खाली जाते. मी पुसत असते तर मला म्हणते, सत्तम् करू नको. म्हणजे आवाज करू नको. त्या दिवशी पण उभी राहिली. पण हसली नाही."

म्हणजे पाच आठवडे मी ज्यांना फसवत होते, त्या पाच आठवडे माझ्यासाठी जिने चढत होत्या. तेही एकोणऐंशीव्या वर्षी, दम लागत असताना. आणि जिन्यात मी त्यांना भेटले की वरून विचारायचे, "काय अक्का, आज मजेत?"

आता मी बहात्तरची आहे आणि अक्का त्र्याऐंशीच्या. त्यांच्याच्यानं जिने होत नाहीत, म्हणून अकरापैकी सहा लाइनी माझ्याकडे आहेत. मी रोज सकाळी साडेसहाला पूर्ण वाक्यं लिहिते. नाव लिहिते, मजलाही लिहिते. पुण्याच्या माझ्या मुलाला मेसेज केला आणि त्यानं नुसता अंगठा दाखवला तर मी फोन करून विचारते, "हा कुणाचा? तुझा असेल तर तोंडानं बोल." तो वैतागतो. सून म्हणते, आई अलीकडे विचित्र झाल्या. इमारतीतली नवी पोरं जिन्यात आमची नक्कल करतात, मी ऐकलं आहे. नक्कल छान करतात. करा. मीही याच जिन्यात उभी राहून हसले आहे, आणि तुमच्यापेक्षा मोठ्यानं. पण पोच दिल्याशिवाय मी कुणाला वर जाऊ देणार नाही. पाय जायबंदी आहे, पण आडवा घालता येतो.

अक्का दवाखान्यात मला बघायला आल्या होत्या, ते सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मुलाच्या गाडीतून आल्या. स्टीलच्या डब्यात रसम् भात आणला होता. मुलगा, सून, दोन्ही नातवंडं, सगळी बरोबर. माणसं खरंच गुणी. सुनेनं माझी उशी नीट केली, नातवानं पाणी दिलं, आपसात हळू आवाजात तमिळमध्ये बोलत होती. मग ती सगळी कॉफी प्यायला खाली गेली आणि आम्ही दोघीच राहिलो.

मी म्हटलं, "अक्का, ते यंत्राचं उत्तर होतं, हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. तू चष्मा शोधतेस, मग फोन शोधतेस. तुज पोच द्यायला नऊ-दहा मिनिटं लागतात. ते उत्तर पापणी लवायच्या आत आलं."

"मग भांडला का नाहीत?"

त्यांनी माझ्या पांघरुणाचं टोक सारखं केलं.

"बरं, भांडू नका. फोनवर विश्वास नव्हता तर बेल वाजवायची होती. मी दार उघडलं असतं. रोज तिसऱ्या मजल्यावर चढून बाहेर उभ्या राहून करत काय होता?"

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता तमिळ सुरू होणार. पण त्या मराठीतच बोलल्या.

"बेल कसाला वाजवू? बेल वाजली की तू शहाणी होतेस, गोड बोलतेस. इरा गेली की तू आत एकटीच दुधाला रागावतेस, कुकराला रागावतेस, खिडकीतल्या त्या कावळ्याला तर केवढी रागावतेस. माझ्या घरी अस्के भले आहेत, सून सोनं आहे, पण बोलायचं ते तमिळमध्ये. आमचे हे गेले, तेव्हापासून मज मराठीत रागावणारं कोणी नाही."